मावशींची माडी

अंबाबाईच्या देवळामागच्या आमच्या बोळात आता घरं कमी आणि यात्री निवास जास्त झालेत. त्यामुळे समोरच्या मावशींच्या दारात रोज कोणीतरी बॅगा घेऊन उभं असतं. मावशी आधी पाणी देतात, गाव विचारतात आणि मग सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "पावणं, हे लॉज न्हाय, घर हाय. लॉज शेजारी." रविवारी कुणी दारातच गाडी लावली, तर तिच्या बॉनेटवर फडकं अंथरून त्या सांडगे वाळत घालतात. ड्रायव्हर आला की सांडगे गोळा करायला त्यालाच ताट धरायला लावतात.

गेल्या वर्षी आमच्या मालकांनीही लॉज काढायचं ठरवलं आणि आम्हाला घर सोडायला सांगितलं. जवळपास भाड्याने जागाच उरली नव्हती. बायको शहराबाहेर गडमुडशिंगीत एक घर बघून आली आणि भांडी बांधायला लागली. तेवढ्यात मावशी आल्या. त्यांच्या माडीवर यात्रेकरू ठेवायचे म्हणून एक एजंट कधीपासून त्यांच्याकडे खेटे घालत होता.

"त्याला सांगितलं, माडी दिली म्हणून," त्या म्हणाल्या.

"कुणाला दिली?" मी विचारलं.

"तुमास्नीच की. यात्रेकरू सकाळी येत्यात, सांजच्याला जात्यात. मी भांडायचं कुणासंगं?"

आमचा होकार त्यांनी विचारलाच नाही. आमच्या गादीची वळकटी डोक्यावर घेऊन त्या आमचा जिना उतरून समोर निघाल्या आणि बायको हसत हसत पोळपाट घेऊन त्यांच्या मागे निघाली.