बटणावरचा धबधबा

कड्याखालच्या त्या वस्तीत कुणी कुणाला ‘जेवलास का?’ असं विचारलं, तरी परक्याला वाटायचं, आता हाणामारी होणार. पिढ्यान्‌पिढ्या धबधब्याच्या पायथ्याशी राहिलेली माणसं. पाण्याच्या वर आवाज चढवल्याशिवाय बोललेलं समोरच्यापर्यंत पोचायचंच नाही. अशा वस्तीतही ज्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत, तो केवढ्यानं बोलत असेल याचा अंदाज करा. तो जन्मला तेव्हा त्याचं रडणं पाण्याच्या पलीकडे ऐकू गेलं, असं त्याची आई सांगायची. खरं-खोटं त्या पाण्याला माहीत, आणि ते पाणी आता नाही.

ओरडून सांगण्यासारखं नसेल ते हातांनी सांगायचं. मूठ हनुवटीखाली धरली म्हणजे बाबा चिडलेत. दोन बोटं गालावर टेकवली म्हणजे पाहुणे आलेत, नीट वाग. कानाची पाळी ओढली म्हणजे हा थापा मारतोय. भोंग्याला बोलायला यायच्या आधी हातांनी बोलायला शिकवलं ते ताईनं. ती त्याच्याहून बरीच मोठी, आईच्या कडेवरून तो उतरला तो थेट तिच्या कडेवर बसला. दोघांच्या काही खुणा तर अशा होत्या की त्या आईलासुद्धा कळत नसत. जेवताना समोरासमोर बसून दोघं हातवारे करायची आणि खी खी हसायची. आई डावानं दोघांच्या डोक्यात हाणायची, आधी भोंग्याच्या, कारण तो जवळ असायचा.

त्या घराची मागची खोली धबधब्याकडे तोंड करून होती. तिथल्या भिंती वर्षभर ओल्या. मिठाला पाणी सुटायचं, काडेपेटी उशीखाली ठेवावी लागायची, धुतलेला कपडा चार दिवस दोरीवर लोंबून शेवटी अंगावरच वाळायचा. बायाबापड्या त्या पाण्याला रोज शिव्या घालत. पण कड्यावर शेवाळ असं दाट, की हात ठेवला तर मनगटापर्यंत आत जावा. पाण्याच्या पडद्यामागे पाकोळ्यांची घरटी होती. भरधाव यायच्या आणि कोसळत्या पाण्यातून आरपार आत जायच्या. एकीचाही पंख ओला होत नाही असं ताईचं म्हणणं. ती खिडकीत हनुवटी टेकून तासन्‌तास बघत बसायची आणि भोंगा तिच्या पाठीवर.

पुढं ताईचं लग्न झालं आणि ती लांबच्या शहरात गेली. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा म्हणाली, “तिथं झोपच लागत नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं.” सगळे हसले. घड्याळ ऐकू येतं ही काय तक्रार झाली?

बघे यायला लागले ते आधी थोडेच होते. पाठीवर पिशवी, हातात काठी, दगडावर बसून मुकाट बघायचे आणि जायचे. भोंग्याची बायको त्यांना चहा करून द्यायची. मग रस्ता आला. रस्त्यामागोमाग एक हॉटेल, मग त्याला टक्कर द्यायला दुसरं, मग दोघांच्या नाकावर टिच्चून तिसरं, पोहायच्या तलावासकट. कड्याच्या वर बाटलीबंद पाण्याचा कारखाना उभा राहिला. बाटलीवर चित्र याच धबधब्याचं. पाइप टाकायला वस्तीतलेच हात होते, त्यात भोंग्याचेही दोन. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. घरावर स्लॅब पडला, पोरगी नर्सिंगला गेली. एवढं पाणी कोसळतंय, त्यातलं घेऊन घेऊन कोण किती घेणार?

आवाज एकदम गेला नाही. वर्षागणिक खाली उतरत गेला, म्हातारं माणूस एकेक खोली सोडत शेवटी खाटेपुरतं उरावं तसा. आणि एका सकाळी सगळी वस्ती दचकून जागी झाली. कुणी तरी हाक मारली असं प्रत्येकाला वाटलं. हाक कुणीच मारली नव्हती. पाणी थांबलं होतं.

पहिले काही दिवस मजेत गेले, हेही सांगायला हवं. कपडे तासाभरात वाळायला लागले. भोंग्याची बायको चादरी, गोधड्या, पडदे, दिसेल ते धूत सुटली. पण माणसांना हळू बोलता येईना. सवय गळ्यात बसलेली. कुठल्या घरात सासूला काय म्हणतात, कोण उधारी बुडवायच्या बेतात आहे, सगळं चव्हाट्यावर. दोन ठरलेली लग्नं मोडली आणि एका घरात मधोमध भिंत उभी राहिली. हात मात्र गप्प झाले. बोललेलं ऐकू येत असताना खुणा कोण करणार?

शेवाळ आधी पिवळं पडलं, मग खपली धरून गळालं. पाकोळ्या काही दिवस कड्याशी घिरट्या घालून गेल्या.

हॉटेलवाल्यांची मात्र पंचाईत झाली. लोक धबधबा बघायला येणार आणि धबधबाच नाही, म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. मग खाली हौद बांधला, वर टाकी बांधली, मध्ये मोटार बसवली. खालचं पाणी वर चढवायचं, वरून खाली पाडायचं, तेच ते. घाण होऊ नये म्हणून त्यात औषध. रंगीत दिवे. शुक्रवारी दुपारी सुरू, रविवारी संध्याकाळी बंद. इतर दिवशी येतो कोण? बटण दाबायला माणूस हवा होता. पाइप कुठून कुठं गेलेत हे भोंग्याला ठाऊक, आणि मोटारीच्या खोलीतून खालच्या माणसाला हाक ऐकू जावी असा गळा वस्तीत एकच. त्याला खिशावर शिवलेला बिल्ला असलेला शर्ट मिळाला.

हे त्यानं ताईला कधी सांगितलं नाही. सांगणार होता. पण त्याच सुमारास तिचा नवरा गेला, मग काचबिंदूनं एक डोळा, मग दुसरा. फोनवर तिनं विचारलं, “आपलं पाणी कसं आहे रे?” योगायोगानं तो रविवार होता. भोंग्यानं फोन खिडकीबाहेर धरला. हात भरून आला तेव्हा परत कानाला लावला. ताई म्हणाली, “ऐकलं. ठेव आता.”

तेव्हापासून तो दर रविवारी फोन करायचा. रविवारीच.

आणि आता ताई म्हणत होती, मला माझ्या मागच्या खोलीत येऊन पडू दे. लेकाकडे सुख आहे, पण चौथ्या मजल्यावर मला माझा पत्ताच लागत नाही. डोळे गेले तर गेले, कान आहेत. भोंग्याला आभाळ ठेंगणं झालं. आईबाप गेलेले, पोरगी बाहेरगावी. ताई आली की घर पुन्हा घर होईल. “रविवारी ये,” त्यानं सांगितलं, “रविवारीच.” पण भाच्याला सुट्टी मिळाली मंगळवारची.

“सांगून टाका आता,” आदल्या दिवशी बायको म्हणाली.

“सांगितलं तर ती यायचीच नाही.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“एकदा आली की रमेल. मग सांगू की हळूहळू.”

“हळू? तुम्ही?”

मंगळवारी गाडी वळणावर दिसली तशी भोंग्यानं मोटारीच्या खोलीत जाऊन बटण दाबलं आणि पायऱ्या उतरत धावत घरी आला. गाडीचं दार उघडेपर्यंत पाणी कोसळायला लागलं होतं. ताई उतरली, काठी टेकली आणि तोंड वर करून तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून भोंग्याला वाटलं, नोकरी गेली तरी बेहत्तर.

त्यानं तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, खाटेवर बसवलं, खिडकी सताड उघडली. भाचा दारात कानांवर हात ठेवून उभा. कोरड्या कातळावर पाणी आपटत होतं, त्याचा आवाज टणक, पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. ताई काहीतरी म्हणाली. भोंग्याला ऐकू आलं नाही. शहरात राहून तिचा आवाज बारीक झाला होता.

“काय?” तो ओरडला.

ती पुन्हा काहीतरी म्हणाली.

“भूक लागलीय का तुला?”

ती मान हलवत राहिली. हो म्हणून की ऐकू येत नाही म्हणून, कळेना. आणि मग भोंग्याचे हात आपोआप वर आले. इतक्या वर्षांनी, न बोलावता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि खुणा करू लागला: भूक? पाणी? दमलीस? एकेक खूण दोनदा, तीनदा. ताई त्याच्या खांद्यावरून खिडकीच्या चौकटीकडे बघत होती. दारातल्या बायकोनं तोंड फिरवलं.

मग ताई उठली. हातानं भिंत शोधू लागली, भिंत दुसरीकडेच होती. गुडघा खाटेवर आपटला. तोंड उघडलं; ओठांवरून भोंग्याला कळलं, ती त्यालाच हाक मारतेय. तो हाताच्या अंतरावर होता. तरी ती हाक मारत राहिली, पाण्यात पडलेल्या माणसासारखी हात मारत, आणि त्यानं दंड धरला तेव्हा किंचाळून मागे सरली.

भोंगा उठला आणि पायऱ्या चढून धावला. बटण वर केलं.

तो परत आला तेव्हा कड्यावरून शेवटच्या धारा टपटपत होत्या. ताई खाटेवर बसली होती, श्वास अजून जोरात.

“पाणी कुठं गेलं?”

भाचा म्हणाला, “वीज गेली असेल, आई.” तो बिचारा अंदाजानं बोलला. आयती सबब. बायकोनं भोंग्याकडे बघितलं.

“मी बंद केलं,” भोंगा म्हणाला.

“तू? तू कोण पाणी बंद करणारा?”

“बटण माझ्याकडं असतं, ताई.”

आणि त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या वस्तीला. शेजारीण हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभी राहिली.

“पाकोळ्या?” ताईनं विचारलं.

“गेल्या.”

“आणि दर रविवारी मला ऐकवायचास ते?”

“ते... हॉटेलचं.”

ताईनं हात पुढं केला. चाचपत त्याचा कान शोधला, पाळी धरली आणि अशी पिरगाळली की पन्नाशी ओलांडलेला माणूस कळवळला.

“पाणी सुरू होतं तोवर मला काही दिसतच नव्हतं रे,” ती म्हणाली. “गाडीतून उतरले तेव्हा बरं वाटलं. मग तू गेलास, भिंती गेल्या, दार गेलं. आता दिसतंय. तू इथं, धापा टाकतोयस. ही दारात, बांगड्या वाजल्या. बाहेर कुणीतरी चोरून ऐकतंय.”

“मी चोरून नाही, उघड ऐकतेय!” शेजारीण अंगणातून ओरडली.

ताई हसली नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “आणि वास कसला होता तो? मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी फरशी पुसली.”

“औषधाचा, वन्सं,” बायको म्हणाली. “शेवाळ धरू नये म्हणून टाकतात.”

“शेवाळ धरू नये म्हणून,” ताई म्हणाली.

भाच्यानं घसा खाकरला. “मग परत निघायचं ना, आई? मामा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“थांब जरा,” ताई म्हणाली. “भोंग्या, हे तुझं बटण रोज चालू असतं?”

“शुक्रवार ते रविवार.”

“आणि बाकीचे दिवस असंच? सामसूम?”

“असंच.”

“मग मी बाकीचे दिवस राहते. तेवढे तीन दिवस मला घरी नेऊन सोडत जा,” ती लेकाला म्हणाली. “त्या आवाजात मी आंधळी होते.”

मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी भोंग्याला फैलावर घेतलं. कुणासाठी सोडलं पाणी? घरची माणसं आली होती, भोंगा म्हणाला. त्यांचं बुकिंग होतं का, मॅनेजरनं विचारलं, आणि मोटारीच्या खोलीची किल्ली आपल्याकडे घेतली.

आता शुक्रवारी बसगाड्या घाट चढायला लागतात तेव्हा ताईला घेऊन भाच्याची गाडी उतरत असते. वळणावर कोंडी होते, कुणाला तरी मागं जावं लागतं. जग धबधबा बघायला येतं आणि ही चुकवायला जाते, म्हणून वस्ती हसते. अर्थातच तिला ऐकू जाईल एवढ्यानं.

एरवी दुपारी ती मागच्या खोलीत पडून असते. भोंगा खिडकीत बसतो. तिथं आता काय दिसतं, असं ती विचारते, आणि तो सांगतो: कातळ, पांढरट झालाय, पाणी जिथून पडतं तिथं चुन्यासारखे ओघळ. पाइप, हिरवा रंगवलाय, दिसू नये म्हणून, पण दिसतो. दिवे, काचा फुटलेले दोन. खाली हौद, त्यावर जाळी. ती मध्येच विचारते, पाकोळ्यांची भेग होती तिथं काय आहे? तिथं भेग आहे, तो सांगतो.

“आज वार कुठला?”

“गुरुवार.”

“मग माझी पिशवी भरून ठेवायला सांग हिला,” ताई म्हणते, आणि कूस बदलते.