एक पान ओढायचं राहिलं

रिकामी खुर्ची दिसली की टेकायची मला वाईट सवय आहे. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या गॅलरीत तसाच बसलो, आणि मग आठवलं, ही त्यांच्या मित्राची खुर्ची. दोघं रोज संध्याकाळी इथे पत्त्यांचा सात-आठ खेळायचे. मित्र दिवाळीआधी वारला. काका अजूनही बोटाला थुंकी लावून दोघांची पानं वाटतात. समोरची पालथीच राहतात.

मी उठू लागलो.

"बसा," काका म्हणाले. "मागच्या डावात त्याचा एक हात जास्त झाला. माह्यातलं एक पान ओढायचं राहून गेलं त्याले. तुम्ही ओढा."

त्यांनी आपली पानं माझ्यापुढे पालथी धरली. मी गंमत म्हणून एक ओढलं. बदामाचा एक्का.

काका शांतपणे म्हणाले, "दर खेपेले हाच ओढतं गा तू. चाल, उतर आता."

इतक्या वर्षांत ते मला कधी 'तू' म्हणाले नव्हते. गॅसवर चहा ठेवलाय अशी थाप मारून मी खाली पळालो. चहा मला करता येत नाही.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "डाव अर्धा टाकून काहून आले जी?" ती म्हणाली. "आता तुमचीही पानं वाटून ठेवतील ते."