बेंबीवर बांधायचा किल्ट

ऑफिसातल्या स्कॉटिश मित्राने त्याच्या लग्नात किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा चौकड्यांचा चुणीदार घागरा, घालून शेजारी उभं राहायला सांगितलं, म्हणून मी ऑनलाइन सर्वात स्वस्त किल्ट मागवला, जीन्सच्या मापाने. लग्नाच्या सकाळी ग्लासगोच्या हॉटेलात त्याचे वडील मला बघायला आले.

“इतका खाली नाही, बेंबीवर बांधायचा.”

वर ओढला तर पोटावरून त्याचे पट्टे बकलांपर्यंत पोचेचनात. खाली गाडी येऊन थांबली होती. सोबत आलेल्या माझ्या बायकोने सुईदोरा काढला, बकलं उसवली आणि पुढे सरकवून माझ्या अंगावरच शिवायला घेतली.

“हलू नकोस, टोचेल!” मी पोट आत ओढून धरलं.

मित्राच्या वडिलांनी मागच्या चुण्या सारख्या केल्या. “आता चल.”

चर्चमध्ये मी धड श्वासही घेतला नाही. पण शिवण टिकली आणि संध्याकाळी मी चक्क नाचलो.