निवृत्त फुटबॉलपटूचे वकीलपत्र

मी कुवेतमध्ये शुऐबाच्या कारखान्यात पाळीप्रमुख होतो. तेथे काही बिघडले की मला घरी फोन येणार, हा नियम. परंतु दोन हजारच्या दशकात रिग्गईतील आमच्या घरची लाइन संध्याकाळभर इंटरनेटने अडवलेली असे. जुन्या फुटबॉलपटूंच्या, जपानहून चालणाऱ्या एका संकेतस्थळावर आमची कन्या एका जपानी खेळाडूच्या चाहत्यांत मुक्काम ठोकून होती.

"खेळत होता तोवर ठीक," मी सुनावले. "निवृत्त माणसाचा हा उदोउदो कशाला? इथे नोकरी संपली की निवासाचा परवानासुद्धा संपतो."

"बाबा, ही इज मोअर पॉप्युलर नाउ!"

"पुरावा?"

पुरावा तयारच होता. सर्वांत लाडका निवृत्त खेळाडू कोण, यावर तेथे मतदान चालू होते आणि तिचा जपानी आघाडीवर होता. मी अट घातली : तो पहिला आला तर इंटरनेट राहील, अन्यथा जोडणी तोडण्यात येईल. तिने ती मान्य केली.

दोनच दिवसांत एक युरोपीय गोलरक्षक अचानक पुढे गेला. कन्या रडकुंडीला आली. मी संकेतस्थळाचे नियम वाचले. ते बहुधा प्रथमच कोणी वाचत असावे. प्रत्येकास एकच मत, असे तेथे स्वच्छ लिहिले होते. आणि गोलरक्षकाचे चाहते तेथेच फुशारकी मारीत होते की, आम्ही दहा-दहा वेळा मत दिले! माझे मस्तक भडकले. तत्काळ निषेधपत्र लिहावयास बसलो.

"अहो, जोडणी तोडायला टपला होतात ना?" सौभाग्यवतींनी विचारले.

"तोडीन. पण कायद्याने."

शुक्रवारी कंपनीच्या बसमधील सहकाऱ्यांना अब्बासियाहून पोह्यांना बोलावले. प्रत्येकाने स्वहस्ते एकेक मत दिले. संकेतस्थळाने एकाच घरची म्हणून त्यांतले एकच धरले, बाकीची फेटाळली. याला न्याय म्हणावयाचा? कुवेतमध्ये कोणी शंका घेतली की माणूस आपल्या ओळखपत्राची, म्हणजे बताक्याची, छायाप्रत पुढे करतो. मी सर्वांचे बताके गोळा केले, प्रती काढल्या आणि प्रत्येकीसोबत स्वतंत्र अर्ज जोडून जपानला फॅक्स केल्या.

"साहेब," रत्नागिरीचे आमचे स्टोअरकीपर म्हणाले, "एवढ्यावर जपानचा व्हिसा मिळंल काय हो?"

चौथ्या दिवशी ई-मेल आली. "महोदय, हे संकेतस्थळ मी नवऱ्याच्या लाँड्रीतून चालवते. फॅक्सही लाँड्रीचाच आहे. त्याचा सगळा कागद संपला. आपल्या मित्रांची मते मोजली आहेत, दहादा दिलेली वगळली आहेत. कृपया आणखी चेहरे पाठवू नयेत. आम्ही हरवलेल्या माणसांचा शोध घेत आहोत, असे गिऱ्हाइकांना वाटू लागले आहे."

जपानी पहिला आला. कन्येने उडी मारून माझ्या गळ्यात हात टाकले आणि मी घातलेली अट मलाच बंधनकारक झाली.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या व्यवस्थापकांनी मला गाठले. "काल संध्याकाळी पंप बंद पडला, आणि तुमचा फोन सारखा एंगेज. मुलीला जरा आवरा."

"समज देतो," मी गंभीरपणे म्हणालो.

पंप बंद पडला त्या संध्याकाळी कन्या मैत्रिणीकडे गेली होती. गोलरक्षकाच्या एका चाहत्याने निकालावर आक्षेप घेतला होता, आणि त्यास मुद्देसूद उत्तर देणे भाग होते.