लताच्या डब्यातली जवसाची चटणी

आता हे खरं तर सांगू नये. पण दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते. मी माझी अब्रू माझ्याच तोंडानं घालवली, आणि तीही साऱ्या फुलचूर गावाला ऐकू जाईल अशी.

आमचा बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. जिनं जे केलं त्याचा फोटो टाकायचा, कृती सांगायची, जवळपासच्या घरी डबा पाठवायचा. तिथे शेवटचा शब्द माझा. का नसावा? मला कोणी शिकवलं नाही. चुलीचा धूर खात स्वयंपाक शिकले, म्हातारपणी मोबाइलही तसाच शिकले. हा मान फुकटचा नाही.

माझा एक नेम आहे. करणारीनं चाखायचं नाही. देवाचा नैवेद्य कधी चाखून करतात का? मीठ हाताला कळतं. करायचं आणि वाटून टाकायचं.

तर परवा लताकडून माझा डबा परत आला. आता डबा काही कोणी रिकामा परत करत नाही. उघडला तर आत जवसाची चटणी. गरम भातावर घेतली, वर तेल सोडलं, घास तोंडात घातला.

मी हादरलेच. कडू जहर. जवस भाजले होते की जाळले होते? आणि मीठ असं, की डोळ्यांत पाणी आलं.

उष्ट्या हातानंच फोन उचलला आणि ग्रुपवर बोलले, "लता, तुले जवस भाजाले कोनं शिकवलं वं? हे माणसाले द्याची चटणी आहे का उंदरायले?"

लताचा आवाज आला, घाबरलेला. "काकू, मी नाही केली. घरी काही नव्हतं, रिकामा डबा कसा देऊ? सुनंदाताईनं दिलेली होती, तेच भरली."

अस्सं. "सुनंदा, येवढी वर्षं माझ्या शेजारी राहून हेच शिकली का तू? लाज वाटू दे थोडी."

सुनंदा काही ऐकून घेणारी बाई नाही. पण ती गप्प. सगळ्या ऐकत होत्या.

मला जोर चढला. "काऊन, बोलती बंद झाली काय?"

मग ती अगदी हळू बोलली. "काकू, तुमीच तं दिली होती मले. रविवारी."

फोन हातातच राहिला. सुनेकडे पाहिलं. ती पाठ करून कढीला फोडणी देत होती. पाठ हलत होती.

"वंदना, हसून राहिली का?"

"नाही, आई."

"खरं सांग. माझी चटणी अशीच असते?"

तिनं गॅस बारीक केला. "या खेपेले बरी होती."

"मंग इतके दिवस सारे खात काऊन होते?"

"खात कोण होतं, आई? फिरवत होते."

बोललेलं पुसून टाकावं म्हटलं, तर साऱ्यांचं ऐकून झालेलं. फोन उपडा ठेवला. घरातल्या बरणीत रविवारची माझी चटणी अजून अर्धी होती.

वंदनानं विचारलं, "आई, हिचं काय करू?"

मी थोडा विचार केला.

"कोपऱ्यावरच्या घरात नवीन भाडेकरू आले ना," मी म्हटलं, "ते बाई अजून ग्रुपात नाही. तिले दे."