बांगड्यांसकट माप

अनघा आमच्या वरच्या खोल्या बघायला आली, तेव्हा तिनं आधी भाडं विचारलं नाही. दार उघडलं, लावलं, परत जोरात लोटलं. खिडकी धरून हलवली. नळ पुरा सोडून, मोरीत पाणी तुंबतंय का ते उभं राहून बघितलं. मी म्हटलं, "पोरी, घर भाड्यानं घ्यायचंय का पाडायचंय?"

"आधी बिघडवून बघते, काका. नाही बिघडलं तर घेते."

तिचे वडील नागपूरचे, बँकेतले. बदलीवर जयपुरात आले आणि निवृत्त झाल्यावर परत गेले. ही इथंच जन्मली, नोकरीसाठी इथंच राहिली. मालवीय नगरात कॉम्प्युटरवर परदेशातल्या इमारती उभ्या करणारी ऑफिसं तेव्हा नवीन निघाली होती, त्यातल्या एकात जायची. काम काय, तर दारं-खिडक्या बनवणं. मी चौथी शिकलेला, सरकारी जीप चालवण्यात जन्म गेला. पण खुर्चीत बसून कुणी दारं बनवतं हे मला पटेना. म्हटलं, हिचं काहीतरी वेगळंच आहे.

वर तिचा जाड डब्याचा कॉम्प्युटर होता. एकदा दाखवला. "दार एकदाच बनवायचं, काका. मतलब, नंतर रुंदी बदलली की चौकट, बिजागरी, कडी, सगळं आपापल्या जागी सरकतं. कुठल्याही इमारतीत बसवा."

"म्हणजे साचा."

"साच्यातून एकाच मापाचं निघतं. हे ताणता येतं." मग ऑफिसातल्या कुणी बनवलेलं एक दार काढून तिनं त्यात वेडंवाकडं माप घातलं. दार काठीएवढं झालं आणि कडी हवेत लोंबायला लागली. "बघा, पकडला चोर. बनवणारा म्हणत होता एकदम सही आहे." तिचा माणसावर विश्वास नव्हता आणि त्यानं घातलेल्या आकड्यावरही नव्हता. तेवढं मात्र मला आवडलं.

माझी बायको शांता, तिचे पाय गेले होते. हात मजबूत, चाकाच्या खुर्चीवर घरभर फिरायची. पण संडास-बाथरूमच्या दारातून खुर्ची जायची नाही. मी काखेत हात घालून तिला आत न्यायचो, आणायचो. तिला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "एवढं एक माझं मला करू द्या हो," म्हणायची. मी मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, दार मोठं करून देतो, "हो जाएगा, बाबूजी."

हे कळल्यावर अनघा टेप घेऊन खाली आली. दार मापलं, भिंत मापली, बेसिन मापलं. घर मापणारा भाडेकरू चांगला निघाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. घराची कागदं मी आधी गादीखाली घातली, मग तोंडावर विचारलं, "माझ्या घराचं माप तुला कशाला?"

"मिस्त्रीवर भरोसा नाही म्हणून."

"मग मी तुझ्यावर का ठेवू?"

"नका ठेवू. बिघडवून बघा."

शांता हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग अनघानं खुर्चीला टेप लावली. मी म्हटलं, "खुर्चीच्या खोक्यावर माप लिहिलेलं आहे."

"खोक्यावरची खुर्ची रिकामी आहे, काका. काकू, ढकलून दाखवा."

शांतानं चाकं ढकलली तशी कोपरं बाहेर आली, हातातल्या हिरव्या बांगड्याही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटून त्यातली एखादी फुटायचीच. "बांगड्या काढते मी," शांता म्हणाली.

"का म्हणून? दार बदलतंय ना?"

अनघानं कॉम्प्युटरवर मिस्त्रीचं मोठं दार बनवून उघडलं, तर ते बेसिनला अडलं आणि खुर्ची वळायला जागाच राहिली नाही. शेवटी भिंतीवर सरकणारं दार ठरलं. मिस्त्री कुरकुरला, "मॅडम शक बहुत करती हैं," पण त्यानं बसवलं. शांता खुर्ची ढकलत आत गेली. दार सरकलं. आतून कडी लागली. मी बाहेर थांबलो.

"तिथं उभे राहू नका," आतून आवाज आला.

त्यानंतर ती होती तोवर मला आत जावं लागलं नाही.

शांता गेली त्यावर मी लिहीत नाही. लिहून काही होत नाही.

पुढं अनघाला पुण्यात नोकरी लागली. सामान बांधलं, कॉम्प्युटर तेवढा राहिला होता, तेव्हा तिनं मला वर बोलावलं. पडद्यावर आमचं सरकतं दार. "हे आता ऑफिसात सगळे वापरतात, काका. परदेशातल्या एका दवाखान्यातही बसतंय. यात कमीत कमी रुंदी काकूंची आहे. बांगड्यांसकट. त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही."

"कशावरून?"

ती उठली आणि आपली खुर्ची मला दिली. मी एका बोटानं लहान आकडा घातला. दार जागचं हललं नाही, वर इंग्रजी पाटी उमटली.

"काय म्हणतंय?"

"नाही म्हणतंय."

मी त्याहून लहान घालून बघितला.