खालून कापलेली बातमी

बातमी माझीच होती. आमच्या दैनिकात तेव्हा बातमीवर वार्ताहराचं नाव देत नसत, पण वाक्यं माझी होती आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं. पुढे कित्येकांना मी हेच सांगत राहिलो, की एकही वाक्य खोटं नव्हतं. हा बचाव आता मलाच नकोसा वाटतो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी त्या दैनिकाच्या कराडच्या कचेरीत होतो, राहायला मलकापुरात. दर जानेवारीत एका रविवारी देशभर पाणपक्ष्यांची मोजणी व्हायची. हौशी माणसं जवळपासचा एखादा तलाव निवडायची, सकाळी पक्षी मोजायची आणि छापील फॉर्म भरून पोस्टाने पाठवायची. माझ्याकडे कडेगावच्या पुढचा एक तलाव होता. चहूकडे उघडा माळ, आडोशाला झाड नाही. थंडीत पूर्वेकडून असा वारा सुटायचा की दुर्बीण डोळ्याला लावली की पाणी आणि पक्षी एकत्रच थरथरायचे. थापट्या आणि तलवार बदकं मधल्या पाण्यात असत, चक्रवाकांच्या जोड्या काठावर, टिलवे चिखलात. एरवी समुद्रकाठी दिसणारे कुरवही एखाद्या वर्षी पाच-दहा येऊन बसलेले असत. पण त्या तलावाची खरी ओळख म्हणजे पट्टकादंब. राखी रंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे हंस.

पहिल्या वर्षी मला ते मोजता आले नाहीत. शंभरापर्यंत आलो की थवा हलायचा, की पुन्हा एकपासून. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा मागच्या हरभऱ्यातून एक माणूस उठून जवळ आला. चाळिशीचा, डोक्याला मफलर, हातात खुरपं. काय चाललंय ते त्याने विचारलं, मी सांगितलं. तो थोडा वेळ बघत राहिला.

"एकेक मोजतासा व्हय? मग संपलंच की. ती काय तुमच्यासाठी रांगंत हुबी ऱ्हानार हायत?"

त्याने बरीच वर्षं आष्ट्याकडच्या वीटभट्ट्यांवर मोजणीचं काम केलं होतं. भट्टीवर विटा एकेक मोजत नाहीत, थर मोजतात. त्याने हात लांब केला, अंगठा उभा धरला, अंगठ्याआड किती हंस झाकतात ते एकदा पाहिलं आणि अंगठा डावीकडून उजवीकडे सरकवत नेला. चार-पाच मिनिटांत आकडा सांगितला. मी हट्टाने अर्धा तास घालवून पुन्हा मोजलं. सहाचा फरक आला. चूक तुमचीच असणार, असं तो मला म्हणाला, आणि तसंच असावं. पुढच्या वर्षीपासून मोजणी त्याची आणि लिहिणं माझं, असं ठरून गेलं.

तो ज्या हरभऱ्यातून उठून आला ते गाळपेरीचं रान होतं. पावसाळा सरला की तलावाचं पाणी हळूहळू मागे हटतं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. ती जमीन सरकारची. सरकार ती एका हंगामापुरती कसायला देतं, तिला गाळपेर म्हणतात. तलावाच्या अंगाला बौद्धवस्ती होती. तिथल्या सात घरांना स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती. तालुक्याच्या कचेरीत वर्षानुवर्षं हेलपाटे घालून त्यांनी त्या गाळपेरीचे परवाने मिळवले होते. ह्याच्या वाट्याला सव्वा एकर आलं होतं. पाणी लागत नाही, ओलीवरच हरभरा येतो. वर्षाची डाळ घरची निघायची आणि राहिलेलं बाजारात जायचं. त्याची बायको मला एकदा म्हणाली होती की लग्नाला वीस वर्षं झाली, पण आपल्या रानातनं आले असं म्हणायला ह्या तीन सालांतच मिळालं.

हंसांनाही तोच हरभरा लागायचा. पहाटे थवा रानात उतरायचा आणि ही बाई तेलाचा रिकामा डबा काठीने बडवत बांधावरून धावायची. हंस उडायचे आणि शेजारच्या वाफ्यात बसायचे. मग शेजारीण डबा बडवायची. हे मला तिनेच हसत हसत सांगितलं. शेवटी ती कुणाच्या तरी हरभऱ्यात पोट भरूनच जातात, असंही म्हणाली. नवऱ्याला त्यांचा राग नव्हता. पाणी सरल्याशिवाय त्यांना जागा नाही आणि आम्हालाही नाही, मग भांडायचं कशाला, असं त्याचं म्हणणं.

समोरच्या काठावर पाणी उपसणाऱ्या अकरा मोटारी होत्या. त्यांचे पाइप दोन-तीन मैलांवरच्या उसाला जात. त्या दिवसरात्र चालायच्या. अकरांपैकी किती परवान्याच्या, हे कुणी सांगत नसे आणि विचारतही नसे. मार्गशीर्षात दिसणारं पाणी माघात निम्मं झालेलं असे आणि फाल्गुनात तलावाच्या मधोमध एक डबकं उरे. तेवढ्यात हंस राहत नाहीत. पाणी हटलं की मोटारींचे पाइप कोरडे पडत, मग पाण्यापर्यंत चर खणावी लागे. सोयीची चर गाळपेरीतून जात होती. उभ्या पिकातून चर काढू देणार नाही, असं सातही घरांनी बातमीच्या वर्षी सांगितलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. बातमी लिहिताना ठाऊक होतं, म्हणून तर हे लिहितो आहे.

त्या वर्षी हंस दोनशे सदतीस भरले. आधीच्या वर्षीपेक्षा बरेच कमी. कचेरीत येऊन मी बातमी लिहिली. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी, की नवं आणि महत्त्वाचं आधी, उरलेलं क्रमाने खाली, म्हणजे पानात जागा कमी पडली तर खालून कापता येतं आणि बातमी लंगडी पडत नाही. पहिल्या परिच्छेदात आकडा दिला. दुसऱ्यात हंसांचा प्रवास. तिसऱ्यात पक्ष्यांना होणारा त्रास लिहिला: तलावाच्या पात्रात गाळपेर होते, पिकाच्या राखणीसाठी डबे वाजवून हंस उठवले जातात. ही गोष्ट वाचकाला नवी होती, चित्र डोळ्यापुढे उभं राहत होतं. मोटारी मी चौथ्या, शेवटच्या परिच्छेदात टाकल्या. मोटारी ही बातमी नव्हती. त्या प्रत्येक तलावावर होत्या. शिवाय मोटारी वर घेतल्या असत्या तर मालकांची बाजू घ्या असं मुख्य कचेरीने सांगितलं असतं, म्हणजे आणखी एक दिवस. डबा बडवणाऱ्या बाईची बाजू घ्या असं कुणी सांगणार नव्हतं. मीही विचारली नाही. तिने ती हसत सांगितली होती, आणि तेवढं मला पुरलं.

दुपारी फॅक्स केला. संध्याकाळी त्या पानावर एका दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात आली. बातमी खालून कापली गेली. सकाळी अंक उघडला तर तीन परिच्छेद होते आणि वर मथळा: गाळपेरीमुळे परदेशी पाहुणे संकटात.

मी सांगलीला मुख्य कचेरीत फोन केला. पान लावणाऱ्या उपसंपादकाने शांतपणे सांगितलं की महत्त्वाचं होतं तर वर घ्यायचं होतं. त्याचं बरोबर होतं. त्याच दिवशी मी दुसरी बातमी पाठवली, मोटारी पहिल्या वाक्यात. मालकांची बाजू घ्या, असा निरोप आला. मी गेलो. अकरांपैकी दोघे भेटले आणि दोघांनीही मोटार आपली नसून भावाची आहे असं सांगितलं. ती बातमी दहा दिवस पडून राहिली आणि मग आतल्या पानावर चार ओळींत आली. तोवर पहिलीचं कात्रण कामाला लागलं होतं.

तलाव वाचवायचा म्हणून गावात एक समिती निघाली. तिच्या पदाधिकाऱ्यांपैकी तिघांचे पाइप त्याच तलावात होते. समितीने तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला: गाळपेरीने पक्षी हटले आहेत, परवाने रद्द व्हावेत. अर्जाला कात्रण जोडलेलं होतं. ज्यांनी जन्मात हंसाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यांनी अर्जात 'निसर्गाचा अनमोल ठेवा' असे शब्द घातले होते.

सुनावणीला मी स्वतः गेलो. खोलीत सात घरांची माणसं भिंतीला लागून उभी, समितीची माणसं खुर्च्यांवर. मी मूळ मजकुराची कार्बन प्रत सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवली आणि चौथा परिच्छेद दाखवला. तो त्यांनी वाचला.

"हे छापलेलं नाही."

"कापलं गेलं."

"मला कागदावर जावं लागतं," ते म्हणाले. "आणि हा तुमचाच कागद आहे."

मग भिंतीजवळून माझा मोजणीचा सोबती पुढे आला. त्याने आवाज चढवला नाही. "मोजनी मी केलीया, सायेब. दरसाल मीच करतो. हंस का घटलं ते मला इचारा की. आमी पेरायच्या आदीपास्नं ती घटत्यात. पानी ऱ्हाईना म्हनून घटत्यात."

साहेबांनी मान हलवली. मग विचारलं, "तुम्ही डबे वाजवता की नाही, तेवढं सांगा."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर खोटं ठरवायला तिथे कात्रणाखेरीज काही नव्हतं.

"वाजवतो."

कारकुनाने तो शब्द लिहून घेतला. आधीचं काही लिहून घेतलेलं नव्हतं, ते मी नंतर सुनावणीच्या नकलेत पाहिलं. मोटारींचं काय, असं मी विचारलं तेव्हा तो दुसऱ्या खात्याचा विषय आहे असं उत्तर मिळालं. आदेश दोन आठवड्यांत निघाला. परवाने रद्द, आणि पक्ष्यांना निवांतपणा मिळावा म्हणून उभं पीक आठ दिवसांत काढून पात्र मोकळं करावं. हरभऱ्याला घाटे धरले होते, पण ते भरायला अजून तीन आठवडे हवे होते. तीन आठवड्यांनी पक्ष्यांचं काय बिघडणार होतं, हे आदेशात लिहिलेलं नव्हतं.

आठव्या दिवशी मी एसटीने कडेगावला उतरलो आणि चालत तलावावर गेलो. सातही घरं रानात होती. हरभरा हिरवाच उपटत होते. माणसं उपटत होती, बाया डहाळ्यांच्या पेंढ्या बांधत होत्या. दाणा भरलेला नव्हता, त्यामुळे बाजारात त्याला फारसं कुणी विचारणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. वाऱ्याने मोकळ्या डहाळ्या उडत होत्या, पोरं त्या धरून आणत होती. पलीकडच्या काठावर अकराही मोटारी चालू होत्या. हंस पाण्याच्या कडेला माना वर करून उभे होते.

मी त्याच्याजवळ गेलो आणि पुन्हा लिहितो म्हणून सांगितलं, ह्या वेळी सविस्तर, आदेशासकट. तो वाकून उपटत राहिला. उत्तर त्याच्या बायकोने दिलं.

"आवं पेपरवालं, आमचा डबा तुमास्नी कराडपत्तुर ऐकू गेला. ह्या मोटारी हितं हुबं ऱ्हाऊनबी ऐकू येईनात व्हय?"

बोलायचं म्हणून, मोटारींचंही लिहिलं होतं, असं म्हणालो.

"लिवलं आसंल की. पर कुठं? तळाला." तिने पेंढी आवळून गाठ मारली. "आमालाबी समदी तळालाच घालत्यात."

मग तो सरळ झाला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी पुढच्या वर्षीच्या मोजणीचं विचारलं. ते विचारण्याची ती वेळ नव्हती, तरी विचारलं.

"या की मोजाय. तळं सरकारचं हाय, कोन आडवतंय तुमास्नी. पर वस्तीवरनं येऊ नगासा. बांधावरनं लांबनं जावा."

एवढं बोलून तो पुन्हा वाकला. मी एका सरीत उतरून उपटायला लागलो, तर त्याच्या बायकोने राहू द्या म्हणून सांगितलं, दोनदा. मी बाहेर आलो आणि एसटीच्या वाटेला लागलो.

पुढच्या जानेवारीत मी बांधावरून, लांबून गेलो. गाळपेर बंद होती. त्याच्या सव्वा एकरातून पुरुषभर खोल चर गेली होती आणि तिच्यात चार पाइप होते. पक्ष्यांच्या निवांतपणाचा विषय कुणी काढत नव्हतं. हंस मोजायला अंगठा धरावा लागला नाही, एकेक मोजून झाले. एका मोटारीच्या खोपटापुढे समितीतला एकजण उभा होता. त्याने मला ओळखलं, लांबूनच हात केला.

"या की पत्रकार, च्या घ्यायला. तुमच्या बातमीनं लय काम झालं आमचं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो मनापासून आभार मानत होता.